आलांडचा निवाडा

सीमाप्रश्नाचा विषय निघाला की कुणीतरी आलांड बेटांचं उदाहरण देतंच. राष्ट्रसंघानं भांडण कसं गोडीनं मिटवलं बघा, म्हणून. मी बेळगावची, माझे कान लगेच टवकारतात. पण निवाडा नीट वाचल्यावर वाटलं, कौतुक भलत्याच जागी होतंय.

बाल्टिक समुद्रातली ही बेटं, माणसं स्वीडिश बोलणारी. 1917 साली फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला, तेव्हा बेटकऱ्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. 1920 साली फिनलंडनं त्यांच्या दोन पुढाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपावरून पकडलं. मग प्रश्न राष्ट्रसंघापुढे गेला. 24 जून 1921 रोजी निकाल लागला: बेटं फिनलंडची, पण शाळा स्वीडिश राहील, जमीन सहजासहजी बाहेरच्यांच्या हाती जाणार नाही, बेटांवर तटबंदी होणार नाही.

राष्ट्रसंघानं तिथं मतदान घेतलं नाही. आपला अनेकान्त सगळ्या बाजूंनी पाहायला सांगतो. इथं फिनलंडची, स्वीडनची, युरोपच्या शांततेची बाजू तोलली गेली. बेटकऱ्यांचं म्हणणं ऐकलं, पण पारड्यात घातलं नाही. दोघांना थोडं थोडं वाटून दिलं म्हणजे अनेकान्त होत नाही.

तरी चौकशी करणाऱ्यांच्या अहवालात एक गोष्ट मोलाची आहे. अल्पसंख्याकांना नुसत्या इच्छेवर वेगळं होता येणार नाही, हे त्यातलं म्हणणं सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: राज्याला न्याय्य हमी द्यायची इच्छा किंवा ताकद नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून तेही करता येईल. म्हणजे परीक्षा अल्पसंख्याकांची नव्हे, राज्याची!

श्रेय एकट्या राष्ट्रसंघाचं नाही. त्याच सुमारास विल्नोला मतदानासाठी आंतरराष्ट्रीय फौज पाठवायचं ठरलं. ती पोचलीच नाही, शहर पोलंडकडे राहिलं. आलांडला स्वीडननं नाराजी नोंदवून निकाल मानला, शस्त्र उचललं नाही. फिनलंडनं शब्द पाळला. राष्ट्रसंघ 1946 साली विसर्जित झाला, पण बेटांवरच्या शाळा आजही स्वीडिश आहेत.

म्हणून उदाहरण द्यायचंच, तर पुरं द्यावं. सीमा कुठं पडली एवढंच विचारू नये. लेकराला वर्गात कुठल्या भाषेत हाक मारतात, तेही विचारावं. आम्हा आयांना निवाडा तिथंच कळतो.