फ्रेंच व्यक्तिनामांचा अर्थ

‘लुई’ या फ्रेंच नामाचा अर्थ कोशांत ‘विख्यात योद्धा’ असा दिलेला आढळतो. व्युत्पत्ती निर्दोष आहे: जर्मानिक ‘ह्लुद’ म्हणजे कीर्तिमान, ‘विग’ म्हणजे युद्ध. परंतु समास सोडविला की नामार्थ हाती आला, हे गृहीत आम्हांस मान्य नाही. इ. स. ५९७ मध्ये निवर्तलेल्या राणी फ्रेदेगोंदच्या नामात ‘शांती’ व ‘युद्ध’ ही पदे एकत्र नांदतात. तेथे विग्रह कसा करावयाचा? (विग्रह म्हणजे युद्धही, हा योगायोगच!) वस्तुतः फ्रँक राजकुलात ही पदे वंशाची खूण म्हणून पुढे चालत. क्लोविस हे ‘लुई’चेच पूर्वरूप. त्याच्या क्लोदोमिर व क्लोतेर या पुत्रांस पित्याच्या नामातील पूर्वपद मिळाले. शिल्देबेर यास पितामह शिल्देरिकचे.