खाणावळ आणि आपले खाद्यवाङ्मय

आपट्याचा एखादा गृहस्थ कामासाठी पनवेलला जातो. कचेरीत त्याला 'दुपारनंतर या' असे सांगण्यात येते. बरोबर डबा नाही, भरदुपारी नातलगाच्या दारात उभे राहणे प्रशस्त वाटत नाही, आणि परतीचे भाडे बाजूला काढल्यावर खिशात जे उरते त्यात पोट भरायचे असते. पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. १८५२ साली येथे नगरपालिका झाली आणि २०१६ साली महानगरपालिका. अशा पेठेच्या गावात या गृहस्थाची सोय करणारी एखादी खाणावळ, निदान उसळ-पाव देणारे एखादे हॉटेल असतेच. मग अशा जागांना आपल्या खाद्यवाङ्मयात स्थान का नसावे?

आपले खाद्यवाङ्मय दरिद्री आहे असे मुळीच नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'ने १९१० साली हजार पाकक्रिया दिल्या. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्या सुनेचा जीव भांड्यात पाडला. ही पुस्तके मोलाचीच आहेत. पण ती घराच्या उंबरठ्याआत राहतात. त्यांतला स्वयंपाक नेहमी कोणाच्या तरी हक्काच्या माणसासाठी होतो. अनोळखी माणसाला, मोजक्या पैशांत, रोज त्याच चवीचे अन्न वाढणे ही वेगळी विद्या आहे. तिचे पुस्तक निदान माझ्या पाहण्यात नाही.

ललित लेखनाकडे वळावे तर पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख आठवतो. जिभेच्या सुखावर इतके निर्मळ प्रेम करणारे लेखन क्वचितच आढळेल. परंतु त्या लेखाचा वारसा सांगणाऱ्यांनी एक घोटाळा करून ठेवला. रसिकाची भूक हीच काय ती भूक, असे त्यांनी धरून चालले. पुढच्या लेखांत मिसळीची तर्री येते, मासळीच्या कालवणाचा वास येतो, 'आता ती चव राहिली नाही' हा उसासाही येतो. फक्त बिल येत नाही. रसिक वाट वाकडी करून पळस्पे फाट्यावर वडा खायला जातो आणि त्यावर लिहितो. त्याच वड्यावर दुपार काढणारा ट्रकचा क्लीनर लिहीत नाही. वडा एकच; पण एकाची ती चैन आणि दुसऱ्याचे ते जेवण. हा भेद ज्या लेखनाला दिसत नाही त्याला मी खाद्यलेखन म्हणेन, अन्नाविषयीचे लेखन म्हणणार नाही.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'ने २०१५ साली या आत्मसंतुष्टतेला चांगलाच धक्का दिला. ज्यांच्या चुली पाकपुस्तकांनी पाहिल्याच नव्हत्या, त्यांचे अन्न त्यांनी नावानिशी मांडले. तरी तेही घरच्याच चुलीचे पुस्तक आहे. खाणावळीची चूल अजून बाकी आहे. वास्तविक तिचा इतिहास लहान नाही. गिरणगावातील कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्या बायांचा हिशेब, उधारीच्या वह्या, महिनाअखेरीची ओढाताण यांत एका कादंबरीचा ऐवज होता.

स्वस्त जेवणाचे मला आढळलेले सर्वांत काटेकोर वर्णन कोणा लेखकाचे नाही, शासनाचे आहे. १९९५ साली सत्तेवर आलेल्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. २६ जानेवारी २०२० रोजी 'शिवभोजन' सुरू झाले तेव्हा दहा रुपयांच्या थाळीत काय असेल हे वजनासह ठरले होते: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. या चार ओळींत अलंकार नाही. पण जेवणाऱ्याला किती मिळणार, हा प्रश्न तरी त्यांनी विचारला. आमच्या रसिकांनी तो विचारला नव्हता.

अर्थात वजनाने साहित्य होत नाही. शासनाला ग्रॅम कळतात. दुसऱ्यांदा आमटी मागताना आवाज का खाली येतो, हे कळत नाही. न मागता आमटी वाढून जाणारा वाढपी कळत नाही. गल्ल्यावरचा मालक ओळखीच्या पोराकडे पाहून 'पुढच्या वेळी दे' म्हणतो, तेव्हा दोघांच्याही अब्रूचे काय होते, हे लेखकानेच सांगावयाचे असते. स्वस्त खाणावळ चांगली की वाईट, हे केवळ चवीवरून ठरत नाही. खिशात थोडके असलेल्या माणसाला तेथे मान वर करून जेवता येते का, ही तिची खरी कसोटी. आणि तिच्यावर लिहिणाऱ्याचीही.

रेल्वे १९६६ साली आपट्यापर्यंत आली आणि १९८६ साली रोह्यापर्यंत पुढे गेली. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट आपट्याच्या फलाटावर चित्रित झाला आणि साऱ्या देशाने तो फलाट पाहिला. पडद्यावर धावत्या गाडीत चढणारी नायिका सर्वांना आठवते. पण रोज त्याच फलाटावरून गाडी धरून पनवेलला जाणारा, दुपारी तेथे कोठे तरी पोटभर जेवून संध्याकाळी परतणारा माणूस अजून मराठीच्या पानात आलेला नाही. त्याच्यासाठी एक पान मांडायला हवे.