कार्डाची जात

आईच्या पंच्याहत्तरीचं चित्रण माझ्याकडे आहे. म्हणजे, एका बोटभर कार्डात आहे. कॅमेरा केव्हाच निवर्तला आणि ते कार्ड त्या कंपनीच्या यंत्राखेरीज कुठं शिरायला तयार नाही. दागिने लॉकरमध्ये आणि किल्ली पंचगंगेत, असा प्रकार!

म्हणून नवा कॅमेरा घ्यायला भाच्याला घेऊन राजारामपुरीत गेलो. भाचा लग्नांची शूटिंगं करतो, त्यामुळं त्याचं ज्ञान जरा अंगावर येतं.

"मामा, कंपनीचंच कार्ड लागणारा घ्या. दगा देत न्हाई."

किंमत ऐकून मी बसायला खुर्ची मागितली. मिसळवाल्यानं उद्या 'आमच्या कटात आमचाच पाव बुडेल' असं सांगितलं, तर कोल्हापूरकर ऐकून घेईल का?

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हे. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी कार्ड अडखळलं तर भटजी मंगलाष्टकं पुन्हा म्हणत नाहीत. शिवाय १९९९ साली आलेल्या एसडी कार्डाच्या खुल्या बाजारात बनावट मालही फार. पण वेग त्याही कार्डावर छापलेला असतो. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. फोर-के चित्रणाला सेकंदाला १०० मेगाबिट लागत असतील, तर आठानं भागून साडेबारा मेगाबाइट झाले. भागाकार चौथीतला आहे. तो टाळण्यासाठी लोक केवढाले पैसे मोजतात!

आणि घराणेदार कार्डांची एक गंमत. पॅनासॉनिकनं २००४ साली बातम्यावाल्यांच्या कॅमेऱ्यांसाठी पी-टू कार्ड काढलं. त्याच्या पोटात काय होतं? चार एसडी कार्डं! चौघांनी एकदम लिहायचं म्हणजे वेग वाढतो, युक्ती नामी आहे. पण पैठणीच्या घडीत आमचीच चार लुगडी निघावीत, हे जरा जास्तच झालं.

येताना खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी भाच्याला थांबवलं. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात स्वतः कॅमेरा घडवला. यंत्र घरचं, पण फिल्म ३५ मिलिमीटरची, १९०९ साली साऱ्या जगानं मान्य केलेल्या मापाची. म्हणून ती कोल्हापुरी यंत्रात बिनबोभाट शिरली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. 'आमच्याच कॅमेऱ्यात चालेल' अशी अट फिल्मवाल्यानं घातली असती, तर बाबूराव नाटकांचे पडदेच रंगवत बसले असते.

"खरं हाय मामा," भाचा म्हणाला, "पर बाबूरावांना लग्नाची ऑर्डर नव्हती."

शेवटी एसडीच्या दोन खाचांचा कॅमेरा घेतला. दोन्ही कार्डांवर एकदमच चित्रण होतं. एक रुसलं तर दुसरं आहे. भाचा आता तोच मागून नेतो.

आईचं कार्ड तिच्याच कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय. दसऱ्याला पुसतो आणि परत ठेवतो.