घटकाचे माप आणि व्यवस्थेचे माप : एकल-फोटॉन शोधक व आपत्कालीन वैद्यक यांतील संशोधनाची तुलनात्मक चिकित्सा

प्रास्ताविक

अतिसंवाहक तारेवर पडणारा प्रकाशाचा एकच कण टिपणारे उपकरण आणि अपघातग्रस्ताला वाचवण्यासाठी डॉक्टरांना दिले जाणारे प्रशिक्षण हे दोन विषय सकृद्दर्शनी एकमेकांपासून फार दूरचे आहेत. एकाचा संबंध निरपेक्ष शून्याच्या जवळच्या तापमानाशी, तर दुसऱ्याचा रस्त्यावरच्या रक्तस्रावाशी. तथापि, दोन्ही क्षेत्रांतील संशोधनापुढे एक समान प्रश्न उभा आहे. क्षणार्धात घडणाऱ्या घटनेला व्यवस्थेने योग्य प्रतिसाद दिला की नाही, हे कसे मोजावे? पहिल्या क्षेत्राने या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोन दशकांत टप्प्याटप्प्याने कठोर करत नेले. दुसऱ्या क्षेत्रात मात्र, विशेषतः प्रशिक्षणविषयक संशोधनात, घटकाच्या मापालाच व्यवस्थेचे माप समजण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ टिकून राहिली. या भेदाची कारणमीमांसा करणे आणि त्याचे महाराष्ट्रातील आपत्कालीन सेवेच्या संदर्भातील महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधकाची कार्यक्षमता : शब्दाचा बदलत गेलेला अर्थ

अतिसंवाहक नॅनोतारेवर आधारित शोधकाची संकल्पना ग्रेगरी गोल्ट्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात मांडली. नायोबियम नायट्राइडची अत्यंत पातळ व अरुंद पट्टी ४.२ केल्विन तापमानाला ठेवून तिच्यातून क्रांतिक मर्यादेच्या जवळ जाणारा विद्युतप्रवाह सोडला जातो. फोटॉन पडताच तेथे सूक्ष्म तप्तबिंदू निर्माण होतो, पट्टीची अतिसंवाहकता क्षणभर खंडित होते आणि विद्युतदाबाचा एक ठोका मिळतो. या निबंधात ०.८१ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी सुमारे २० टक्के क्वांटम कार्यक्षमता नोंदवली होती. तप्तबिंदू सुमारे ३० पिकोसेकंदांत शमतो, असेही त्यात म्हटले होते.

या दोन आकड्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तप्तबिंदू ३० पिकोसेकंदांत शमत असला, तरी शोधक पुढच्या फोटॉनसाठी तेवढ्याच वेळात सज्ज होत नाही. अँड्र्यू कर्मन व सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की सज्जतेचा काळ लांब तारेच्या गतिज प्रवर्तकत्वाने ठरतो आणि व्यवहारोपयोगी आकाराच्या शोधकात तो काही नॅनोसेकंदांचा असतो. म्हणजे घटकाचा वेग आणि उपकरणाचा वेग यांत शंभर पट वा त्याहून अधिक अंतर पडले. पहिले निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर होते, तो वापरकर्त्याचा प्रश्न नव्हता.

कार्यक्षमतेबाबतही हेच घडले. प्रकाश तंतूतून येऊन शोधकाच्या पृष्ठभागावर पडणे, पडलेला प्रकाश पट्टीने शोषणे आणि शोषलेल्या फोटॉनमुळे ठोका निर्माण होणे या तीन स्वतंत्र पायऱ्या आहेत. प्रत्येकीचे यश ९० टक्के मानले, तरी गुणाकार ७३ टक्क्यांच्या आसपास येतो. शोषलेल्या फोटॉनांपैकी किती नोंदले गेले, एवढेच सांगणारा आकडा मोठा दिसतो. तंतूत सोडलेल्या फोटॉनांपैकी किती नोंदले गेले, हे सांगणारा आकडा लहान असतो. या क्षेत्राने कालांतराने दुसरा आकडा, म्हणजेच संपूर्ण व्यवस्थेची कार्यक्षमता, प्रमाण मानला. २०१३ साली मार्सिली व सहकाऱ्यांनी टंगस्टन सिलिसाइड वापरून १५५० नॅनोमीटरला ९३ टक्के, तर २०२० साली रेड्डी व सहकाऱ्यांनी त्याच तरंगलांबीला ९८ टक्के व्यवस्था-कार्यक्षमता नोंदवली. आकडा शंभराच्या जवळ जाऊ लागला तसा मोजणीचा काटेकोरपणाही वाढवावा लागला. तंतूच्या उघड्या टोकावरून सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो. शक्तिमापक लावताना एवढी एक गोष्ट हिशेबात धरली नाही, तर शोधकाच्या पदरी नसलेले श्रेय जमा होते.

या शिस्तीमागे केवळ संशोधकांचा प्रामाणिकपणा नव्हता; वापरकर्त्याची गरजही होती. बेलच्या असमानतेची पळवाटरहित परीक्षा घेण्यासाठी फोटॉन निर्माण होण्यापासून तो नोंदला जाईपर्यंतची एकूण कार्यक्षमता दोनतृतीयांशांहून अधिक असावी लागते, हे एबरहार्ड यांनी १९९३ साली दाखवले होते. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत हा प्रयोग यशस्वी झाला, तेव्हा शोधकांची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या पुढे होती. परंतु एकूण साखळीची कार्यक्षमता सुमारे ७५ टक्केच होती. प्रयोगाचे भवितव्य या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून होते. निसर्गाने दिलेल्या उंबरठ्यापुढे घटकाचा गौरव निरुपयोगी ठरतो.

अर्थात हे क्षेत्रही पूर्णतः निर्दोष नाही. सर्वाधिक कार्यक्षमता, वेळेतील सर्वांत कमी अनिश्चितता, प्रकाश नसतानाही उमटणाऱ्या खोट्या नोंदींचे किमान प्रमाण आणि मोजणीचा सर्वाधिक वेग हे विक्रम बहुधा वेगवेगळ्या उपकरणांच्या नावावर असतात. २०२० साली कोर्झ व सहकाऱ्यांनी दृश्य प्रकाशासाठी ३ पिकोसेकंदांहून कमी अनिश्चितता साधली, ती मुद्दाम आखूड ठेवलेल्या तारेवर. प्रस्तावनेत हे सारे विक्रम एका दमात सांगितले, की ते एकाच उपकरणाचे गुण असल्याचा भास वाचकाला होतो. हा दोष मांडणीचा आहे. मात्र निधी मागणाऱ्या प्रस्तावांत तो हेतूचाही होऊ शकतो.

आपत्कालीन वैद्यक : ‘सुवर्णतास’ आणि प्रशिक्षणाचा पुरावा

आपत्कालीन वैद्यकातील अपघातोपचाराच्या प्रशिक्षणाचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९७६ साली अमेरिकेतील नेब्रास्का येथे अस्थिव्यंगतज्ज्ञ जेम्स स्टाइनर यांचे विमान कोसळले. पत्नीचा मृत्यू झाला व मुले जखमी झाली. स्थानिक रुग्णालयात मिळालेल्या उपचारांतील उणिवा पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यासक्रम घडवला. १९७८ साली तो प्रथम शिकवला गेला आणि १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने स्वीकारला. ‘ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट’ या नावाने तो आज जगभर प्रचलित आहे. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण असा ठरावीक क्रम गोंधळलेल्या क्षणी डॉक्टरांच्या हाताला दिशा देतो, हे त्याचे यश नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न पुराव्याचा आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले : प्रशिक्षणार्थ्याची प्रतिक्रिया, त्याने आत्मसात केलेले ज्ञान, प्रत्यक्ष कामातील वर्तन आणि अंतिम परिणाम. आपत्कालीन प्रशिक्षणाविषयीच्या निबंधांचा मोठा भाग पहिल्या दोन स्तरांवर थांबतो. प्रशिक्षणानंतर गुण वाढले, आत्मविश्वास वाढला, पुतळ्यावरील कृती अधिक अचूक झाली, एवढे सिद्ध होते आणि निष्कर्षात मात्र ‘रुग्णसेवा सुधारेल’ असे वाक्य येते. शोधकाच्या परिभाषेत सांगायचे, तर ही शोषलेल्या फोटॉनांची कार्यक्षमता आहे. तंतूत सोडलेल्या फोटॉनांची नव्हे.

अंतिम परिणामापर्यंत जाणारे अभ्यास नाहीत, असे नाही. त्रिनिदादमधील अली व सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या निबंधात गंभीर जखमींतील मृत्यूचे प्रमाण प्रशिक्षणापूर्वी ४१३ पैकी २७९ आणि प्रशिक्षणानंतर ४०० पैकी १३४ असल्याचे नोंदवले आहे. फरक ठळक आहे. परंतु तुलना आधीच्या व नंतरच्या काळाची आहे. त्या काळात रुग्णालयात आणखी काय बदलले, हे अशा रचनेतून वेगळे काढता येत नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या या प्रशिक्षणाविषयीच्या २०१४ सालच्या कॉक्रेन समीक्षेलाही मृत्यूदरावरील परिणाम सिद्ध करणारा नियंत्रित चाचणीचा पुरावा आढळला नाही. पुरावा नसणे म्हणजे उपयोग नसणे नव्हे. पण तीन दशके जगभर शिकवलेल्या अभ्यासक्रमाबाबत ही स्थिती असावी, हे चिंतनीय आहे.

‘सुवर्णतास’ या संकल्पनेची कहाणी याहून बोलकी आहे. ॲडम्स कौली यांच्या नावाशी जोडलेला हा शब्द पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि शासकीय योजनांतून सर्वत्र पोहोचला. २००१ साली लर्नर व मोस्कॅटी यांनी त्याचा मूळ पुरावा शोधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एका तासाची सीमा ठरवणारी आधारभूत आकडेवारी त्यांना सापडली नाही. २०१० साली न्यूगार्ड व सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील ३,६५६ गंभीर जखमींचा अभ्यास केला. त्यांत रुग्णवाहिका-सेवेला लागलेला वेळ आणि मृत्यू यांचा संबंध दिसला नाही. यावरून वेळेला महत्त्व नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. सर्वांत गंभीर रुग्णाकडेच सेवक अधिक धावपळीने जातात, त्यामुळे असे संबंध झाकले जाऊ शकतात. निष्कर्ष इतकाच, की साठ मिनिटांची रेघ निरीक्षणातून आलेली नाही.

‘अधिक’ म्हणजे ‘उत्तम’ काय?

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात इयान स्टील व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासमालेने अधिक अवघड प्रश्न विचारला. रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांना डिफिब्रिलेटरचा झटका त्वरित मिळण्याची व्यवस्था केल्यावर जगून घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ३.९ वरून ५.२ टक्क्यांवर गेले, असे १९९९ साली दिसले. त्यावर नळी घालणे, शिरेतून औषधे देणे अशा प्रगत कौशल्यांची भर घातल्यावर, १७ शहरांतील ५,६३८ रुग्णांच्या २००४ सालच्या निबंधानुसार, प्रमाण जवळजवळ तेच राहिले : आधी ५.० आणि नंतर ५.१ टक्के. गंभीर जखमींविषयीच्या २००८ सालच्या निबंधातही एकूण फरक आढळला नाही. उलट ज्यांची शुद्ध खोलवर हरपली होती, त्यांच्यात प्रगत सेवेच्या टप्प्यात जगण्याचे प्रमाण ६०.० वरून ५०.९ टक्क्यांवर आले.

याही अभ्यासांची रचना पूर्व-उत्तर तुलनेचीच होती, हे येथे नोंदवले पाहिजे. त्रिनिदादच्या अभ्यासाला लावलेला निकष ओंटारिओला माफ करता येणार नाही. मात्र टप्पे आधीच आखलेले होते, शहरे अनेक होती आणि मोजले गेले ते जगणे. प्रशिक्षित सेवकाच्या कौशल्याविषयी त्यांत शंका नव्हती. साखळीत त्या कौशल्याचे स्थान कोणते, हा प्रश्न होता.

आपत्कालीन प्रसंगी यदृच्छ विभागणीची चाचणी घेणे नैतिक व व्यावहारिक दृष्ट्या अशक्य आहे, हा नेहमीचा आक्षेप असतो. फोटॉन सारे सारखे असतात व प्रयोग अब्जावधी वेळा करता येतो. रुग्ण मात्र एकच असतो, हे खरे आहे. तरीही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ चाचणीत भारतासह ४० देशांतील २०,२११ जखमी सामील झाले. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १४.५ टक्के, तर न दिलेल्या गटात १६.० टक्के होते. पुढच्याच वर्षीच्या विश्लेषणातून दिसले, की तीन तासांच्या आत दिल्यास औषध उपयोगी पडते आणि त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढण्याची शक्यता असते. काळाची सीमा घोषणेतून नव्हे, तर मोजणीतून कशी येते, याचा हा वस्तुपाठ आहे.

महाराष्ट्राचा संदर्भ

भारतात तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत व ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होते. ओंटारिओने विचारलेला प्रश्न येथे थेट लागू पडतो. मात्र तेथील उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही. गडचिरोलीतील अंतर, घाटातील अपघात आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयाची विरळता पाहता वाटेतील उपचारांचे महत्त्व येथे अधिक असू शकेल. ‘असू शकेल’ हे ‘आहे’ होण्यासाठी मोजणी हवी.

दूरध्वनी, वाहन पोहोचणे, जागेवरील उपचार, योग्य रुग्णालय आणि तेथील रक्त व शल्यविशारद या पाच दुव्यांपैकी प्रत्येक दुवा दहापैकी नऊ वेळा नीट जुळतो असे गृहीत धरले, तरी संपूर्ण साखळी शंभरातून ५९ वेळाच जुळते. शेवटचा दुवा निम्म्या वेळाच जुळत असेल, तर उरलेले चार परिपूर्ण करूनही यश पन्नासच्या पुढे जाऊ शकत नाही. सेवेचे मूल्यमापन प्रतिसादवेळ, वाहून नेलेल्यांची संख्या आणि प्रशिक्षितांची संख्या एवढ्यावर थांबले, तर हा शेवटचा दुवा कधीच दिसणार नाही.

निष्कर्ष

फोटॉन-शोधकांच्या संशोधनाने घटकाच्या मापाकडून व्यवस्थेच्या मापाकडे प्रवास केला, कारण चुकीचा आकडा पुढच्या प्रयोगात उघडा पडत होता. आपत्कालीन वैद्यकात तो उघडा पडत नाही. न वाचलेला रुग्ण तक्रार करत नाही आणि त्याचे कागद रुग्णवाहिकेच्या कागदांशी जुळवले जातातच असे नाही. म्हणून तेथे ही शिस्त बाहेरून आणावी लागेल. प्रशिक्षणविषयक निबंधाने आपण कर्कपॅट्रिकच्या कोणत्या स्तराचे मोजमाप केले, हे शीर्षकापासून स्पष्ट करावे. रुग्णवाहिकेतील नोंद व रुग्णालयातून सुटतानाची नोंद एका क्रमांकाने जोडावी. नवे प्रशिक्षण सर्व जिल्ह्यांत एकाच दिवशी सुरू न करता सोडतीने ठरवलेल्या क्रमाने सुरू करावे, म्हणजे कोणालाही कायमचे वंचित न ठेवता तुलना शक्य होईल. या तिन्ही गोष्टींना अतिशीत तापमान लागत नाही आणि महागडी उपकरणेही लागत नाहीत. लागते ती आपल्या प्रिय उपक्रमाचा आकडा लहान निघाला तरी तो छापण्याची तयारी.