स्वप्न आणि आत्मा : ‘मिलिंदप्रश्ना’तील एका प्रकरणाची चिकित्सा

झोपेत देह अंथरुणावर असतो. तरीही मनुष्य दूरची गावे हिंडतो, मृतांशी बोलतो. देहाबाहेर संचार करणाऱ्या आत्म्याच्या कल्पनेला या अनुभवाने मोठे बळ दिले. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्थेचा दाखला देतो, तो आत्म्याचे स्वयंप्रकाशित्व सिद्ध करण्यासाठीच. पाली ‘मिलिंदप्रश्ना’त मात्र भदंत नागसेन स्वप्नाचा विचार आत्म्याचा आधार न घेता करतात. म्हणून हे प्रकरण तपासून पाहणे अगत्याचे आहे.

स्वप्न म्हणजे काय आणि ते पाहतो कोण, असे राजा मिलिंद विचारतो. नागसेनांच्या मते मनाच्या कक्षेत येणारे निमित्त म्हणजे स्वप्न. ते पाहणारे सहा प्रकारचे : वात, पित्त वा कफ यांनी ग्रस्त, देवतेच्या प्रभावाखालील, सवयीच्या अधीन आणि पूर्वसूचना मिळालेला. येथे ‘कोण’ या प्रश्नास ‘कशामुळे’ असे उत्तर मिळाले आहे, हेच या प्रकरणाचे मर्म होय. निमित्त शोधण्यास चित्त बाहेर जात नाही. आरशात प्रतिबिंब उमटावे तसे ते चित्तात उमटते. स्वप्न हलक्या निद्रेत पडते, गाढ निद्रेत नाही, असेही ते सांगतात. सदैव जाग्या द्रष्ट्याची मग गरजच उरत नाही. 1953 साली असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी निद्रेतील नेत्रांच्या जलद हालचालींचा स्वप्नांशी संबंध दाखविला. पुढे निद्रेच्या इतर अवस्थांतही स्वप्ने आढळली. तपशिलात नागसेन अपुरे ठरले, तरी कारणे देह-चित्तात शोधण्याची त्यांची दिशा योग्यच होती.

परंतु देवता आणि पूर्वसूचना यांना त्यांनी स्थान दिले, इतकेच नव्हे तर पूर्वसूचनेचे स्वप्न तेवढे खरे मानले. जे बुद्धिसंगत तेच बुद्धवचन, या बाबासाहेबांच्या कसोटीवर हा भाग टिकत नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही महामायेचे स्वप्न येते, अशी शंका कोणी घेईल. मात्र ते चरित्रकथेचा भाग म्हणून येते. पुनर्जन्माची चर्चा करताना बाबासाहेब स्वप्नाचा आधार घेत नाहीत. ते महाभूते व ऊर्जा यांविषयी बोलतात आणि आत्म्याचे संक्रमण नाकारतात.

हा वाद केवळ पोथीतला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे श्राद्ध व पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. तरीही दिवंगत वडील स्वप्नात आले की ‘त्यांची काही इच्छा राहिली असेल’ म्हणून कोणी भगताचे दार ठोठावतो. त्याचे दुःख खरे आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. स्वप्नात येतो तो आपल्याच चित्तातील सहवासाचा संस्कार. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते आणि निराळीही नसते, असे नागसेन याच ग्रंथात सांगतात. जिवंत माणसाची ओळखही अशीच प्रवाही आहे. गेलेल्या माणसाने लावलेले वळण आपल्या आचरणात चालू राहते. त्यासाठी पिंड लागत नाही, शील लागते.