हौदातील डॉल्फिन आणि हुशारीचे गुण

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की सहलीची मुले विचारतात, "सर, डॉल्फिन दिसेल का?" उत्तर एकच : सांगता येत नाही. हमखास दिसायला हवा असेल, तर तो हौदातच ठेवावा लागेल.

भारतात ही वाट १७ मे २०१३ रोजी बंद झाली. देवमासे व डॉल्फिन आणून करमणुकीसाठी किंवा प्रदर्शनासाठी ठेवण्याचे प्रस्ताव फेटाळावेत, असे परिपत्रक केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने काढले. निर्णय योग्यच होता. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या 'डॉल्फिन सिटी'त आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते.

पण परिपत्रकातील युक्तिवाद तपासायला हवा. डॉल्फिन असामान्य बुद्धिमान, म्हणून त्यांना 'मानवेतर व्यक्ती' मानावे, या मतावर त्यात भर आहे. यातील अडचण शिक्षकांना चटकन कळेल. गुण पाहून हक्क द्यायचे, तर मागच्या बाकावरच्यांचे काय? आपल्याच किनाऱ्यावरचा, पाठीवर पर नसलेला बुजरा पॉरपॉइज कसरती करत नाही. म्हणून त्याला हौद चालेल काय?

बंदिवासात हे प्राणी नीट जगत नाहीत, असेही परिपत्रक म्हणते. खरा भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो वर्गात गणित करून पाहता येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. १५ मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परततो. गढूळ समुद्रात भक्ष्य शोधण्यासाठी घडलेल्या या इंद्रियाला हौदात रोज त्याच भिंती सापडतात. मासे तर बादलीतून मिळतात.

प्रतिध्वनीचे हे ज्ञान बंदिस्त डॉल्फिनांकडूनच मिळाले, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६० च्या सुमारास केनेथ नॉरिस यांनी डॉल्फिनचे डोळे रबरी झाकणांनी झाकले. तरीही तो अडथळे चुकवत पोहला. पण तो प्रयोग होता. नाकावर चेंडू तोलण्याच्या खेळातून असे काय कळते?

शेवटी, परिपत्रक हौदापुरतेच आहे. आपल्या हम्पबॅक डॉल्फिनला मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. जाळ्यात अडकला की श्वासासाठी त्याला वर येता येत नाही आणि तो गुदमरतो. तेव्हा पुढच्या सहलीत मुलांनी तो प्रश्न विचारला, तर लाँचमध्ये चढण्यापूर्वी त्यांना धक्क्यावरची जाळी जरूर दाखवावीत.