उशाशी बसलेला माणूस

साहित्यात मरणे पुष्कळ होतात. कादंबरीचे शेवटचे प्रकरण किंवा नाटकाचा शेवटचा अंक मरणावाचून पुरा होत नाही, अशी एके काळी समजूतच होती. मरणारा काय बोलला, त्याला काय आठवले, त्याच्या चेहऱ्यावर कोणता भाव उमटला, हे सारे लेखक तपशिलाने सांगतात आणि टीकाकार तितक्याच तपशिलाने तपासतात. पण त्याला पाणी कोणी पाजले, त्याची कूस कोणी बदलली, त्याचे अंथरूण कोणी धुतले, रात्री दोन वाजता तो घाबरा झाला तेव्हा त्याचा हात कोणी धरला, हे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. मरण होते, पण शुश्रूषा होत नाही. ही उणीव केवळ तपशिलाची नसून दृष्टीची आहे, असे आम्हांस वाटते. आणि ज्या थोड्या कृतींत ती भरून निघाली आहे, त्यांच्याकडे याच एका बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मापदंड बाहेरून आणण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा, त्याची शुश्रूषा करणारा. त्याचे गुणही चार: उपचारांची जाण, दक्षता, भर्त्याविषयी अनुराग आणि शुचिता. यातील ‘भर्ता’ हा शब्द थबकून पाहण्यासारखा आहे. पोसणारा, धनी, असा त्याचा अर्थ; येथे टीकाकार तो रोग्याला लावतात. म्हणजे शुश्रूषा करणारा हा बहुधा चाकर असावयाचा हे शास्त्रकाराने गृहीत धरले, आणि तरीही त्याच्याकडून त्याने केवळ काम मागितले नाही, अनुराग मागितला. पगारी माणसाकडून प्रेमाची अपेक्षा करणे रास्त आहे काय, हा प्रश्न आजच्या शहरांत घरोघरी पडतो. तो इतका जुना आहे.

बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी वाचकाला एक लाभ असतो. शेजाऱ्याच्या भाषेतील पुस्तके त्याच्या घरात पाहुण्यासारखी नव्हे, तर शेजाऱ्यासारखीच ये-जा करतात. ताराशंकर बंद्योपाध्याय यांची ‘आरोग्य निकेतन’ ही १९५३ सालची कादंबरी आमच्याकडे अशीच आली. तिला १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि जुने वैद्यक विरुद्ध नवे वैद्यक, या ठरीव चौकटीत तिची चर्चा होत राहिली. नाडीपरीक्षेत पारंगत असा वृद्ध जीवनमशाय एका बाजूला आणि सरकारी इस्पितळातील तरुण प्रद्योत डॉक्टर दुसऱ्या बाजूला, ही मांडणी कादंबरीत आहे, नाही असे नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न निराळा आहे. मरण जवळ आले हे ज्याला कळले, त्याने ते सांगावे काय? आणि सांगितल्यावर त्याने काय करावे?

जीवनमशायच्या घराण्यात तीन पिढ्यांची वैद्यकी आहे. नाडीवर बोटे ठेवली की मृत्यूची पावले त्याला ऐकू येतात, आणि तो निदान उच्चारतो. निदान म्हणजे येथे रोगाचे नाव नव्हे. निदान म्हणजे मरणाचा काळ. मोती लोहाराच्या म्हाताऱ्या आईला तो गंगातीराची वाट दाखवतो, आणि प्रद्योत संतापतो. त्याच्या दृष्टीने ही हृदयशून्यता आहे. ती म्हातारी पुढे इस्पितळातील उपचारांनी बरी होते, म्हणून वाचकाने प्रद्योतच्या बाजूला जावे अशी लेखकाची योजना आहे काय? मुळीच नाही. कारण पुढे दांतू घोषालचे प्रकरण येते. खाण्याच्या हावेपायी मरणाऱ्या त्या ब्राह्मणाच्या बाबतीत म्हातारा वैद्य खरा ठरतो. प्रवृत्ती हाच माणसाचा रिपू, आणि रोग त्याच दारातून आत येतो, हे जीवनमशायचे तत्त्वज्ञान आहे. ताराशंकरांनी ते मोठ्या ताकदीने उभे केले आहे. महाभारतात ब्रह्मदेवाने उत्पन्न केलेली मृत्युदेवी प्राण्यांचा संहार करावयास नकार देऊन रडू लागते आणि तिच्या अश्रूंचेच रोग होतात. त्या कथेची सावली या सबंध कादंबरीवर पडली आहे.

येथवर आम्ही ताराशंकरांबरोबर आहोत. पण चरकाचेच माप लावले तर दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, निदान उच्चारण्याची ही रीत शास्त्राला धरून आहे असे जे वाचकाला वाटत राहते, ते तितकेसे खरे नाही. मरणाची लक्षणे ओळखण्यासाठी चरकसंहितेत इंद्रियस्थान हा स्वतंत्र विभाग आहे. आणि त्याच्या शेवटच्या अध्यायात वैद्याला बजावले आहे की लक्षणे दिसली तरी विचारल्यावाचून मरण सांगू नये, आणि ज्या ठिकाणी रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला त्यामुळे दुःख वा अपाय होईल, त्या ठिकाणी विचारले तरी सांगू नये. म्हणजे ज्या मुद्द्यावर प्रद्योत म्हाताऱ्याला दोष देतो, त्या मुद्द्यावर जुने शास्त्र प्रद्योतच्या बरेच जवळ आहे! जुने आणि नवे यांची सीमारेषा समजतो तेथे नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्वतःचा मुलगा वनविहारी मरणार हे जीवनमशायला नाडीवरून आधीच कळते. हा कादंबरीतील सर्वांत भयंकर भाग. बाप असून तो वैद्य राहतो, त्याचे ज्ञान डळमळत नाही. आणि त्याच्या पत्नीच्या, आतरबहूच्या मनातील कडवटपणा उरलेल्या आयुष्यात ओसरत नाही. समीक्षकांनी आतरबहूला तोंडाळ, कर्कश स्त्री म्हणून बाजूला सारले आहे. आम्हांला ती तशी वाटत नाही. तिची तक्रार नीट ऐकली पाहिजे. नवऱ्याला कळले, हे तिचे दुःख नाही. कळल्यानंतर तो ज्ञानाच्या उंचीवर उभा राहिला आणि ती उशाशी एकटी राहिली, हे तिचे दुःख आहे. ‘आरोग्य निकेतन’मध्ये वैद्य आहे, द्रव्य आहे, रोगी तर अगणित आहेत, उपस्थाता मात्र अंधारात आहे. घरोघरच्या बायका ते काम करीत असतात, आणि कादंबरी त्यांच्यावरून पुढे जाते. एवढ्या मोठ्या कृतीत ही जागा रिकामी राहावी याचे आम्हांस वाईट वाटते.

ही जागा ज्याने भरली तो टॉलस्टॉय. ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ साली प्रसिद्ध झालेली दीर्घकथा. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की कथानक सांगत बसत नाही. न्यायाधीशाच्या हुद्द्यावरील एक सुस्थित गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी मरतो, एवढेच ते. डॉक्टर मूत्रपिंड की आंत्रपुच्छ असा वाद घालतात, पत्नी औषध वेळेवर घेत नाही म्हणून रागावते, आणि सारे मिळून एक खोटे सांभाळतात: हा केवळ आजारी आहे, मरत नाही. रोगाहून हे खोटेच त्याला अधिक जाळते. त्या घरात खोटे न बोलणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे गेरासिम, भांडारघरात काम करणारा खेड्यातला तरुण नोकर. तो मलमूत्राचे भांडे उचलतो. धन्याला पाय उंच धरले की बरे वाटते, म्हणून रात्र रात्र ते आपल्या खांद्यावर घेऊन बसतो. सगळ्यांनाच मरावयाचे आहे, मग थोडे कष्ट घेतले म्हणून काय झाले, अशा अर्थाचे तो साधेपणाने बोलून जातो.

चरकाचे चार गुण एकेक करून गेरासिमला लावून पाहावेत. जाण आहे, दक्षता आहे, शुचिता इतकी की त्याच्या अंगच्या स्वच्छ, निरोगीपणाचे वर्णन लेखक पुन्हा पुन्हा करतो. आणि अनुराग? तो तर कथेचा गाभाच. विशेष हे की गेरासिमने इव्हान इलिचला मरणाची वार्ता दिलेली नाही. ते खोटे त्याने फक्त पुढे चालवले नाही. निदान उच्चारणे आणि खोटे बोलणे या दोहोंच्या मधला हा रस्ता जीवनमशायला सापडला नाही, प्रद्योतलाही नाही. टॉलस्टॉयवर एक आक्षेप मात्र घ्यावयास हवा. गेरासिमला थकवा येत नाही, कंटाळा येत नाही, त्याचे स्वतःचे असे काही दुखत नाही. ज्यांनी महिनोन्महिने आजाऱ्याचे केले आहे ते हे वाचून किंचित हसतील.

रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ नाटकाकडे या बाजूने पाहिले की निराळेच काही दिसू लागते. हे नाटक १९१२ साली प्रसिद्ध झाले. अमल हा आजारी मुलगा. कविराजाने त्याला शरद ऋतूचे ऊन-वारा वर्ज्य करून खोलीत कोंडले आहे आणि माधव दत्त प्रेमापोटी ते पथ्य काटेकोर पाळतो. अमल खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांशी बोलतो: दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा. फकिराच्या वेषात येणारे ठाकुरदा त्याला दूरच्या बेटांच्या गोष्टी सांगतात. शेवटी राजवैद्य येतो आणि पहिली आज्ञा करतो ती दारे-खिडक्या उघडण्याची. रूपकाच्या नादात आपण या नाटकाला ईश्वर आणि जीव यांच्या भेटीचे नाटक करून टाकले. ते तसे आहेही. पण ते आधी एका मरणाऱ्या मुलाच्या शुश्रूषेचे नाटक आहे. माधव दत्ताजवळ अनुराग आहे आणि जाण नाही. कविराजाजवळ पोथी आहे आणि अनुराग नाही. ठाकुरदांजवळ औषध कोणतेच नाही, तरी तेच खरे उपस्थाते आहेत.

हे वाचन ओढूनताणून केलेले नाही, याला इतिहासाची साक्ष आहे. नाझी सैन्याने वेढलेल्या वॉर्सातील ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक या डॉक्टर-लेखकाचे अनाथालय होते. १९४२ सालच्या जुलै महिन्यात, १८ तारखेला, तेथील मुलांनी ‘डाकघर’चा पोलिश प्रयोग केला. मुलांनी मरणाला शांतपणे सामोरे जाण्यास शिकावे म्हणून त्यांनी हे नाटक निवडले, असे सांगितले जाते. पुढल्याच महिन्याच्या आरंभी सुमारे दोनशे मुलांना घेऊन कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले. स्वतःला वाचवण्याची संधी त्यांनी नाकारली होती. बंगालच्या एका खिडकीचा उपयोग कोठे आणि कोणी केला, हे रवींद्रनाथांना कळणार नव्हते; ते १९४१ सालीच गेले होते.

आणखी एक खिडकी. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. मरणाऱ्यांच्या वेदना कमी करावयाच्या तर डॉक्टर झाल्यावाचून कोणी ऐकणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. १९४८ साली लंडनमध्ये मरण पावलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू रुग्णाने पाचशे पौंड त्यांच्यासाठी ठेवले, ते त्यांच्या भावी घराची एक खिडकी व्हावे म्हणून. ते घर, सेंट क्रिस्टोफर्स, १९६७ साली उभे राहिले आणि त्याला ती खिडकी आहे. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यावे, आणि वेदना केवळ शरीराची नसून मनाची, घरादाराची व श्रद्धेचीही असते, ही सॉन्डर्स यांची शिकवण. आपल्याकडे मुंबईच्या वांद्र्यात १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. १९९३ पासून कालिकतच्या संस्थेने केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच उपस्थाते बनविण्याचे काम केले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे इतके दुर्घट झाले की २०१४ साली तो कायदा बदलावा लागला. मधल्या तीस वर्षांत किती घरांतून कण्हण्याचे आवाज आले असतील! त्यांवर लिहिलेली एकही मराठी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

मराठीत उपस्थाता मुळीच नाही असे मात्र नव्हे. ‘श्यामची आई’चा शेवट आपण सर्वांनी डोळे पुसत वाचला, आणि डोळे पुसण्याच्या घाईत सखूमावशी आपल्या नजरेतून निसटली. बहिणीचे आजारपण कळताच ती पुण्याहून येते आणि रात्रंदिवस तिची सेवा करते. श्याम स्वतः शेवटच्या क्षणी तेथे नव्हता. त्याचे दुःख पुस्तकभर पसरले आहे आणि ते तसेच असावयास हवे. पण अंथरुणाजवळ जी होती तिच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली. साने गुरुजींनी तिला निदान नाव दिले, एक स्वभाव दिला. नंतरच्या किती लेखकांनी एवढेही केले?

आज हे काम मावशी-आत्यांच्या हातून पगारी बायांकडे गेले आहे. बारा तासांच्या पाळीने येणारी, आपला डबा बरोबर आणणारी, परक्या म्हाताऱ्याला आजोबा म्हणणारी ही बाई आपल्या प्रत्येक शहरात आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत तर अनेकदा तिची भाषा आणि आजाऱ्याची भाषाही वेगळी असते. मरणारा शेवटी शेवटी बालपणीच्या मराठीत बोलू लागतो आणि ती बंगालीत, तेलुगूत किंवा मल्याळीत उत्तर देते, दोघांचे भागते. रात्री खोलीत दोघेच असतात. तेथे काय बोलले जाते ते मुलासुनांना ठाऊक नसते, आणि आपल्या कथालेखकांनाही नाही. सकाळी सातला दुसऱ्या पाळीची बाई येते, पहिली तिला दाराशीच हळू आवाजात रात्रीची हकीकत सांगते, आणि चपला घालून बस पकडावयास निघते.